बिऱ्हाड हलवण्याआधी

दिवाळीला मुलं घरी येतात आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, बॅगा भरता भरता विषय निघतोच. "आता तुम्ही दोघं पुण्याला या बघू." कधी हाच विषय दवाखान्याच्या बाकावर निघतो, वडिलांची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली असताना. कधी तेराव्यानंतर पाहुणे पांगले की आईसमोर निघतो. दिवाळीत विचारलं तर "बघू पुढं" म्हणून वेळ मारून नेता येते. बाकीच्या दोन वेळी उत्तर द्यायला कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. बहुतेक घरांत हा निर्णय असाच होतो. पंधरा वर्षं टाळला जातो आणि मग आठ दिवसांत उरकला जातो.

हा लेख दिवाळीच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. साठी ओलांडली आहे, दोघांचे पाय चालताहेत, तालुक्याच्या गावात स्वतःचं घर आहे, मुलं पुण्या-मुंबईला किंवा आणखी लांब आहेत. विचार करायला हीच वेळ चांगली, कारण आत्ता "नाही" म्हणायचीही मुभा असते.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा निर्णय दोघं मिळून घेतात, पण तो दोघांच्या सोयीचा बघून घेतला तर फसतो. दोघं धडधाकट असेपर्यंत वाईतही छान चालतं आणि वारज्यातही. कस लागतो तो एक जण मागे उरल्यावर. तेव्हा "आपण कुठे राहू" यापेक्षा "आपल्यातला एकटा माणूस कुठे नीट राहील" हे आधी बघा.

चार कागद

आपल्याकडे नवरा बहुधा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो, आणि बायकांचं सरासरी आयुर्मानही जास्त. त्यामुळे मागे राहणारी पुष्कळदा ती असते, आणि कुठे राहायचं हे ठरवणारा पुष्कळदा तो असतो. इथेच पहिली गफलत होते.

त्यावर एक साधा उपाय आहे. दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकी दोन कागद लिहायचे. एकावर "मी एकटा किंवा एकटी, याच गावात" आणि दुसऱ्यावर "मी एकटा किंवा एकटी, शहरात". सणवार सोडून एखादा साधा मंगळवार घ्यायचा आणि सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत लिहायचं. दूध कोण आणतं? स्वयंपाक कोण करतं? दुपारी चार वाजता कोणाशी बोलणं होतं? बँकेचं काम कसं होतं? रात्री दोनला छातीत दुखलं तर पहिला फोन कोणाला, आणि तो माणूस किती मिनिटांत दारात येतो?

कागद लिहून झाले की अदलाबदल करा. त्याच्या गावच्या कागदावर सकाळचं फिरणं, वाचनालय, पतसंस्थेची बैठक सगळं भरलेलं असतं आणि "स्वयंपाक" या शब्दापुढे जागा कोरी असते. तिच्या कागदावर समोरच्या वहिनी, भिशी, गुरुवारचं भजन असतं, पण बँक, विजेचं बिल, घरपट्टी, लॉकरची किल्ली यांपुढे काहीच नसतं, कारण ते सगळं "हे बघतात". काही जणांना इथेच कळतं की आपली अडचण गावाची नाहीच. त्याला वरण-भात लावता यायला हवा आणि डबेवाल्या बाईंचा नंबर माहीत हवा. तिला एटीएम चालवता यायला हवं आणि मुदतठेवीच्या पावत्या कुठे आहेत ते ठाऊक हवं. ही शिकवणी या महिन्यात सुरू करता येते, बिऱ्हाड न हलवता.

शहराच्या कागदांवर उलटा अनुभव येतो. माझ्या पाहण्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. गावात ते बँकेत शिरले की काउंटरवरचा माणूस "या सर" म्हणून उठतो, कारण तो त्यांचाच विद्यार्थी असतो. पुण्यात मुलाच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार त्यांना हिंदीत फ्लॅट नंबर विचारतो, मोबाइलवर काहीतरी दाबतो आणि वरून सुनेचं "अप्रूव्ह" येईपर्यंत सर उन्हात उभे. राग येण्यासारखं त्यात काही नाही, रखवालदार त्याचं काम करतोय. पण पन्नास वर्षांत कमावलेली ओळख अशी फाटकावर रोज शून्यापासून सुरू करावी लागते. त्यांच्या पत्नीचं मात्र तीन-चार महिन्यांत बस्तान बसलं. भाजीच्या गाडीपाशी ओळखी झाल्या, त्यातून हास्यक्लब, त्यातून भजनी मंडळ. ज्या माणसाचा गावात दबदबा मोठा, त्याला शहर जास्त टोचतं. तेव्हा "बाईमाणसाला करमणार नाही" हे गृहीत धरू नका. तिला विचारा.

मुलांना विचारायचे प्रश्न

मुलांचा आग्रह मनापासून असतो. तरीही तो कशातून आलाय हे समजून घ्यावं. कधी काळजी असते, कधी रात्री-अपरात्री चार तास गाडी हाणायची धास्ती, कधी नातवंडं सांभाळायला माणूस हवं असतं. यातलं काहीच गैर नाही, पण गरज काय ते मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. चहा घेता घेता हे प्रश्न विचाराच:

पुढची पाच वर्षं तुम्ही याच शहरात असणार आहात का? बंगळुरू किंवा परदेशची बदली आली तर आम्ही कुठे?

घरात आमची खोली कोणती? हॉलमधला दिवाण ही खोली नव्हे.

आमच्याकडून काय अपेक्षा आहेत? नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं वेगळं आणि दिवसभर सांभाळणं वेगळं. शिवाय नातवंडं मोठी झाली, क्लासला जाऊ लागली की आजी-आजोबांचं ते काम संपतं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचं काय?

आम्ही तुमच्याजवळ, पण वेगळ्या घरात राहिलो तर तुम्हाला वाईट वाटेल का?

आमच्यातलं कोणी अंथरुणाला खिळलं तर रजा कोण काढणार? इथे लेक-जावई आणि सून-मुलगा सगळे एकत्र बसलेले असावेत. "मुलीकडे कसं राहायचं" हा संकोच अजून पुष्कळांच्या मनात आहे, आणि प्रत्यक्षात दवाखान्याच्या फेऱ्या मारताना बहुतेक वेळा मुलगीच दिसते. संकोच असेल तर मुलीच्या घरात राहू नका, तिच्या गल्लीत राहा.

ज्याचा स्वतःचाच पत्ता नक्की नाही, त्याच्या मागे घर हलवू नये. मुलाची नोकरी फिरती असेल तर मूल बघून शहर निवडण्यापेक्षा, आपल्याला झेपेल असं शहर निवडलेलं बरं.

दवाखाना: मिनिटांचा आजार, महिन्यांचा आजार

गाव सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणून दवाखान्याचं नाव घेतलं जातं. त्याचे दोन भाग करा.

पहिला भाग मिनिटांचा. हृदयविकाराचा झटका आणि मेंदूचा झटका. मेंदूत रक्ताची गाठ अडकून अर्धांगाची लक्षणं दिसली तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. हृदयविकारात बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. मोठं रुग्णालय लांब असेल तर जवळच्या दवाखान्यात गाठ विरघळवणारं औषध देऊन मग पुढे हलवता येतं, पण त्यासाठी तिथे ते औषध आणि ते देणारा डॉक्टर हवा. म्हणून आपल्या गावातल्या दवाखान्यांत जाऊन तीन गोष्टी विचारा. सीटी स्कॅन आहे का? रात्री तो चालवणारा असतो का? हृदयविकाराचं हे इंजेक्शन इथे देतात का? अँजिओप्लास्टी होणारं सगळ्यात जवळचं ठिकाण रात्रीच्या वेळी किती तासांवर आहे तेही मोजा. किलोमीटर मोजू नका, कारण घाटातले चाळीस आणि महामार्गावरचे चाळीस सारखे नसतात.

दुसरा भाग महिन्यांचा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. कॅन्सरची रेडिएशन बऱ्याचदा आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे चालते. गुडघेबदल, मोतीबिंदू, बायपासनंतरची विश्रांती याही ठरवून करायच्या गोष्टी. मोतीबिंदूसाठी कोणी गाव सोडत नाही. रेडिएशनसाठी दोन महिने शहरात खोली घेऊन परत येता येतं. डायलिसिस कायमचं लागलं तर मात्र केंद्राजवळ राहावं लागतं, आणि आता जिल्ह्याच्याच नव्हे तर अनेक तालुक्यांच्या गावीही ही केंद्रं आहेत. म्हणजे दुसऱ्या भागातल्या बहुतेक आजारांसाठी शहरात तात्पुरती सोय असली तरी पुरतं.

"लहान गाव" म्हणून सगळ्या गावांना एका रांगेत बसवू नका. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे, मिरजेची वैद्यकीय परंपरा तर शंभर वर्षांहून जुनी. चिपळूणकरांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं. अशा गावातला माणूस वाघोलीच्या टोकाला राहायला गेला आणि संध्याकाळी सातला नगर रस्त्यावर अडकला, तर दवाखान्याच्या हिशेबात त्याने काय कमावलं? शहरातलं घरही मिनिटांतच मोजायचं, तेही गर्दीच्या वेळेला.

गावात राहा की शहरात, 70 वर्षं पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची ही सोय आहे. मात्र यादीतल्याच रुग्णालयांत ती चालते, म्हणून ज्या भागात राहायला जाणार तिथलं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आधी बघा. खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीचे कागद पुन्हा वाचा. काही पॉलिसी लहान गावाच्या कमी हप्त्यावर दिलेल्या असतात आणि मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागतो. पत्ता बदलला की कंपनीला लेखी कळवा.

हिशेबाची वही

आता पैशाकडे येऊ. नमुन्यादाखल एक जोडपं घ्या. निवृत्तिवेतन महिना 45,000 रुपये, गावात स्वतःचं घर.

गावचा महिना: किराणा, भाजी, दूध 10,000, वीज, गॅस, फोन 3,000, कामवाल्या बाई 2,000, औषधं-तपासण्या 4,000, घरपट्टी व दुरुस्तीचा महिनावारी हिस्सा 2,000, देणं-घेणं आणि प्रवास 4,000. एकूण 25,000. उरतात 20,000.

पुण्याचा महिना: किराणा वगैरे 13,000, वीज, गॅस, फोन 3,500, धुणं-भांडी आणि पोळ्यांच्या बाई 4,500, औषधं 4,000, रिक्षा-कॅब 3,000, देणं-घेणं 3,000. झाले 31,000. त्यात एका बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं 18,000 आणि गावच्या घराची देखभाल 2,000. एकूण 51,000. महिन्याला 6,000 कमी पडतात, वर्षाला 72,000.

आकडे तुमचे घाला, रकाने हेच ठेवा. यातून दोन गोष्टी दिसतील. गावचं घर भाड्याने दिलं तर ही तूट बरीचशी भरून निघू शकते, म्हणजे प्रश्न सुटण्यासारखा आहे. पण गावी दर महिन्याला शिल्लक पडत होते ते 20,000 शहरात संपले, आणि दिवसभराची आया किंवा ब्यूरोचा माणूस ठेवायची वेळ याच शिलकीतून भागवायची असते. शहरात ही माणसं सहज मिळतात, गावात शोधावी लागतात. पण शहरातले दर गावापेक्षा पुष्कळ जास्त. निवृत्तिवेतन सरकारी असेल तर महागाई भत्ता वाढत राहतो. कंपनीतून निवृत्त होऊन ईपीएस-95 चं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो आधार नाही, आणि घरभाडं तर दरवर्षी वाढतं. त्यांनी हा हिशेब दहा वर्षं पुढचा मांडावा.

घर विकायची घाई नको

जायचं ठरलं तरी पहिली दोन वर्षं गावचं घर विकू नका. विकलेलं घर त्या भावात परत मिळत नाही, आणि परतीची वाट बंद झालेला माणूस शहरात जास्त चिडचिडा होतो.

शेवटी विकायचंच असेल तर कराचा विचार आधी करा. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेलं घर विकताना भारतात राहणाऱ्याला दोन मार्गांतला स्वस्त मार्ग निवडता येतो. नफ्यावर सरळ 12.5 टक्के, किंवा महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के. घर 2001 च्या आधीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला घ्यावा. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर वाचतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. सौद्याच्या आधी सनदी लेखापालाकडे एक फेरी मारा.

शेतजमीन असेल तर आणखी जपून. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सातबारावरचं शेवटचं क्षेत्र विकून टाकलं तर पुढे तुम्हाला पुन्हा शेत घेणं फार अवघड होतं. सगळी जमीन एकदम विकण्याआधी वकिलाशी बोला.

सगळ्यात नाजूक मुद्दा नावाचा. गावचं घर विकून ते पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घातले आणि करारनाम्यावर नाव फक्त मुलाचं, तर त्या घरात तुम्ही पाहुणे. पैसे तुमचे असतील तर करारनाम्यावर आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर पहिलं नाव तुमचं ठेवा. मुलांसाठी मृत्युपत्र करा. नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असं नाही, ते काम मृत्युपत्राचं. हयातीतच बक्षीसपत्र करायचं असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतरण अट मोडल्यास रद्द ठरवून मागता येतं. त्यासाठीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. मुलं चांगली आहेत म्हणून कागद नको असं म्हणू नका. मुलं चांगली असली की हा कागद सहज होतो, एवढाच फरक.

आधी राहून बघा

दिवाळीच्या पंधरा दिवसांवरून शहर कळत नाही. तेव्हा मुलांना सुट्टी असते, घर भरलेलं असतं, रोज कुठे ना कुठे जेवण असतं. शहर कळायला फेब्रुवारीतला बुधवार हवा, जेव्हा सगळे सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात.

म्हणून मुलांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर 11 महिन्यांच्या भाडेकरारावर घर घ्या. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी ऑनलाइन घरबसल्या होते. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्या काळात यायला हवेत, कारण पाण्याची बोंब मे महिन्यात कळते आणि तुंबलेला रस्ता जुलैत. गावाकडे मधूनमधून फेरी ठेवा. एसटीत 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढे प्रवास मोफत, आणि महिलांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती धरून चालू नका. दोन बिऱ्हाडं सांभाळण्याचा प्रवासखर्च एसटीच्या सवलतीमुळे वाटतो तेवढा होत नाही.

घर बघायला संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान जा आणि हे तपासा. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का? जुन्या पेठांमधल्या आणि कोथरूड-कर्वेनगरच्या अनेक जुन्या इमारतींना लिफ्टच नाही, तिथे पहिल्या मजल्याच्या वर बघू नका. फाटकाबाहेर पदपथ आहे का, की थेट रस्ता? पाणी महापालिकेचं की टँकरचं? रिक्षावाला तिथे यायला तयार होतो का, हे प्रत्यक्ष बोलावून बघा. औषधाचं दुकान, किराणा, मंदिर, बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ कुठे भरतो? राज्यातले हे संघ 'फेस्कॉम' या महासंघाला जोडलेले आहेत. गावच्या संघातल्या सभासदाला शहरातल्या संघात पहिल्या दिवशी दोन ओळखीची माणसं भेटण्याची शक्यता बरीच असते. स्वयंपाक-साफसफाईसकट सोय हवी असेल तर पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री'सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहती आहेत. त्यांचा मासिक खर्च वर मांडलेल्या रकान्यांत बसवून बघा.

भाडेकरार संपताना ते चार कागद पुन्हा काढा आणि शहराचे दोन नव्याने लिहा. आता त्यांत अंदाज नसेल, अनुभव असेल.

मधला रस्ता

गाव किंवा पुणे, एवढेच दोन पर्याय नसतात. वाईच्या माणसाला सातारा, इस्लामपूरच्या माणसाला सांगली-मिरज, निपाणी-गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापूर हे मोठे दवाखाने असलेलं, रिक्षाने पार होणारं शहर जवळ आहे. भाडं झेपतं, बोली बदलत नाही, आणि गावातली माणसं कामाला आली की घरी डोकावतात. मुलांनाही तिथे पोहोचायला अडचण पडत नाही.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे गावातल्या गावात हलणं. गावाबाहेरच्या बंगल्यातून बाजारपेठेजवळच्या तळमजल्यावर. मोठं अंगण आणि गच्ची साठीत आनंद देतात, पंच्याहत्तरीत झाडायला माणूस शोधत बसावं लागतं.

राहायचं ठरलं तर

गावातच राहणं हाही ठरवून घ्यायचा निर्णय आहे, नुसतं काही न करणं नव्हे. न्हाणीघरात घसरणार नाही अशा फरश्या आणि भिंतीला आधाराचे दांडे, कमोड, रात्री जाग आल्यावर पायाखाली उजेड एवढं याच वर्षी करून घ्या. दाराला आतून कडी लावून झोपायची सवय असेल तर बाहेरून उघडणारं कुलूप बसवा आणि एक किल्ली शेजारी द्या. एका वहीत औषधं, आजार, रक्तगट, डॉक्टर, मुलांचे नंबर लिहून ती फ्रिजवर ठेवा. रुग्णवाहिकेसाठी 108, ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. विमा असो वा नसो, दवाखान्याची पहिली रक्कम ताबडतोब काढता येईल अशा खात्यात ठेवा, आणि ते खातं दोघांच्या नावे "दोघांपैकी कोणीही" असं असू द्या.

कोणत्या परिस्थितीत हा निर्णय बदलायचा तेही आत्ताच लिहून ठेवा. एक जण गेल्यावर, गाडी चालवणं बंद झाल्यावर, विसराळूपणा वाढून गॅस चालू राहायला लागल्यावर. हे लिहिलेलं मुलांकडे द्या. वेळ आल्यावर त्यांना भांडावं लागणार नाही आणि तुम्हाला अपमान वाटणार नाही.

जायचं ठरलं तर

कागदपत्रांची कामं निघण्याआधी दोन महिने सुरू करा. निवृत्तिवेतन कोषागारातून मिळत असेल तर जिल्हा बदलताना कोषागार बदलायचं की आहे त्याच बँक शाखेत ठेवायचं हे विचारून घ्या. हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' वापरता आलं तर नोव्हेंबरात गावी धावावं लागत नाही. टपाल खात्यातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं शहरातल्या कार्यालयात हलवता येतं, मुदतीआधी मोडू नका. आधारचा पत्ता, गॅस जोडणी, मतदारयादीसाठी नमुना 8 ही कामं ओळीने उरका. जुन्या डॉक्टरांकडून आजाराचा सारांश लिहून घ्या आणि आजारी पडण्याआधीच नवा डॉक्टर शोधा. गावचं घर भाड्याने देताना नोंदणीकृत करार हवाच. बंद ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा उघडून झाडणारा, नळ-वीज बघणारा माणूस पगारी ठेवा. भावकीच्या भरवशावर ठेवलेल्या घरातून पुढे वाद निघतात. सामान नेताना कमीत कमी न्या, पण देव्हारा, रोजची खुर्ची आणि पुस्तकं यांत काटकसर नको.

शहरात गेल्यावर पहिल्याच महिन्यात दोघांनी वेगवेगळं एकेक काम धरावं. त्याने वाचनालय, संघ, एखाद्या मुलाची शिकवणी. तिने भजन, योगवर्ग, हवं ते. दोघं दिवसभर मुलांची वाट बघत बसले की तीन महिन्यांत घरात कुरबुरी सुरू होतात, आणि दोष शहरावर येतो.

निर्णयाला एक तारीख लावा. येत्या गुढीपाडव्यापर्यंत चार कागद आणि हिशेबाची वही तयार, मुलांशी एक बैठक, त्यानंतर राहून बघायचं की गावातलं घर दुरुस्त करायचं ते पक्कं. दर पाडव्याला तेच कागद पुन्हा वाचायचे आणि बदललं असेल तेवढं खोडून नवं लिहायचं. तारखेपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही, तर ज्याच्या एकटेपणाचा कागद जास्त कोरा आहे त्याच्या बाजूने निर्णय द्या.